अँबॅसिडरचा एसयू कार्बोरेटर: काळा धूर, घाटातली फट्‌फट् आणि खालचा तो नट

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९७४ ची अँबॅसिडर मार्क टू, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्यावर एकच एसयू कार्बोरेटर. चार वर्षं गाडी उभी होती. यंदा कार्बोरेटर खोलून किट टाकलं. तेव्हापासून सकाळी काळा धूर, सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास, प्लग काजळीने भरलेले. पण पाय दाबला की गाडी क्षणभर घुटमळते, कार्बोरेटरमधून ‘फट्’ करून उलटं मारते, आणि वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात अर्ध्यावर दम सोडते. एका मेकॅनिकने खालचा नट वर नेला, दुसऱ्याने खाली आणला. ॲव्हरेज सहा-सातवर आलंय. मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (हवा जास्त), आणि नट नेमका कुठे फिरवायचा?

दोन्ही आहे. स्लोला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, रिच; आणि ओढीला, म्हणजे पाय दाबून जोर घेताना, लीन. म्हणूनच नट तूर्त फिरवू नका, कारण त्या नटाने या दोन्ही गोष्टी एकदम बऱ्या होणं शक्यच नाही. दोन्ही मेकॅनिक आपापल्या परीने बरोबर होते. पहिल्याने धूर पाहिला, दुसऱ्याने फट्‌फट् ऐकली.

हे का, ते कळायला एसयू चालतो कसा हे एकदा पाहून घ्या. फियाटवर, म्हणजे पद्मिनीवर, सोलेक्स कार्बोरेटर असतो. त्यात स्लोला वेगळं जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक), पळायला वेगळं मेन जेट, आणि पाय दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप. प्रत्येक कामाला वेगळा माणूस. एसयूमध्ये मात्र एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एकच निमुळती नीडल. इंजिन जितकी हवा ओढेल तितका वरच्या घुमटातला पिस्टन उचलला जातो, त्याच्याबरोबर नीडल वर जाते आणि जेटभोवतीची फट वाढते. हवेचा रस्ता आणि पेट्रोलचा रस्ता एकाच वेळी मोठा होतो. स्किनर कुटुंबाचा धंदा बूट-चपलांचा. जॉर्ज हर्बर्ट स्किनरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे यंत्र केलं तेव्हा पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, यात नवल नाही. ‘एसयू’ म्हणजे स्किनर्स युनियन. तुमच्या कार्बोरेटरच्या पत्र्यावर ‘एचएस२’ लिहिलंय ना? तो दोन म्हणजे एक इंचावर दोन अष्टमांश, सव्वा इंचाचा गळा.

आता खालचा नट. तो जेट वरखाली करतो: खाली नेलं की रिच, वर नेलं की लीन. पण तो संपूर्ण पट्टा एकदम सरकवतो, स्लोपासून फुल रेसपर्यंत. सोलेक्सचा मिक्श्चर स्क्रू फक्त स्लोपुरता असतो, म्हणून फियाटवाल्या मित्राचा ‘अर्धा फेरा सोड, मग बघ’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. स्लोला रिच आणि ओढीला लीन असेल तर पट्ट्याचा आकारच बिघडलाय. आकार नीडल, जेट, पिस्टन आणि तेल ठरवतात. हो, तेल. तिथूनच सुरुवात करू.

घुमटाच्या डोक्यावर काळी किंवा पितळी टोपी आहे, तिला खाली एक दांडी. तो डँपर. टोपी काढा आणि आत पाहा. माझी पैज अशी की आत थेंबभरही तेल नसेल. चार वर्षं उभी गाडी, किट टाकणाऱ्याने सगळं पेट्रोलने धुऊन कोरडं केलेलं, आणि तेल घालायचं राहिलेलं. एसयूला पिचकारी पंप नाही हे वर सांगितलंच. ते काम हे तेल करतं. पाय एकदम दाबला की पिस्टनला सटकन वर जायचं असतं. तेल त्याला धरून ठेवतं, तेवढ्या क्षणापुरती जेटवरची ओढ वाढते आणि मिक्श्चर थोडं रिच होतं. तेल नसेल तर पिस्टन उडतो, हवा भसकन आत येते, मिक्श्चर पातळ होतं आणि गाडी कार्बोरेटरमधून खोकते. मग कुणीतरी ‘लीन आहे’ म्हणून नट खाली आणतो, फट्‌फट् जरा कमी होते, आणि स्लोला काळा धूर सुरू. तुमच्या दुखण्यातला निम्मा भाग मला तरी असाच दिसतो.

तेल एसएई २० चं साधं इंजिन ऑइल घाला. आतल्या पोकळ दांड्याच्या तोंडावर अर्धा इंच, म्हणजे १३ मिलीमीटर येईल इतकं. मोजायला सोपी खूण अशी: डँपर परत खाली सोडताना टोपी बसायला साधारण ६ मिलीमीटर बाकी असताना हाताला अडथळा जाणवला पाहिजे. २०डब्ल्यू-५० घालणारे पुष्कळ आहेत आणि गाडी चालतेही, पण डिसेंबरच्या पहाटे वाईला ते तेल गुळाच्या पाकासारखं होतं आणि पिकअप जड लागतो. ब्रेक ऑइल मात्र घालू नका; एकाने घातलेलं मी पाहिलंय.

तेल घालायच्या आधी एक परीक्षा करा. एअर फिल्टर काढा, डँपर बाहेर ठेवा, बोटाने पिस्टन पूर्ण उचला आणि सोडा. तो मोकळेपणी खाली आला पाहिजे आणि शेवटी धातूवर धातूचा स्वच्छ ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आवाज बोदा असेल किंवा पिस्टन शेवटच्या दोन मिलीमीटरला रेंगाळत असेल, तर नीडल जेटला घासते आहे. मग हीच परीक्षा जेट अगदी वर ढकलून आणि अगदी खाली ओढून, अशी दोनदा करा. जेट खाली असताना आवाज जास्त खणखणीत आला तर जेट मधोमध नाही, असं समजा. किट टाकताना इथेच घोळ होतो. जेटची नळी आणि दांडा सुटा करायचा, ॲडजस्टिंग नटाची स्प्रिंग काढायची, नट पूर्ण वर चढवायचा, वरचा मोठा लॉक नट ढिला करायचा, डँपरच्या भोकातून पेन्सिलीने पिस्टन खाली दाबून धरायचा, जेट वर ढकलायचं, आणि त्याच स्थितीत लॉक नट आवळायचा. आवळताना जेट हमखास थोडं सरकतं, तेव्हा दोन-तीनदा करायची तयारी ठेवा. ‘टक्’ येईपर्यंत सोडू नका.

घुमट काढलाच आहे तर नीडल पाहून घ्या. तिच्या खांद्याची कड पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट जुळली पाहिजे. नखाने चाचपडलं तरी पायरी लागता कामा नये. खांदा आत गेला असेल तर सगळीकडे रिच, बाहेर आला असेल तर सगळीकडे लीन. नीडलच्या वरच्या भागावर बारीक अक्षरांत कोड ठोकलेला असतो. तो भिंगातून वाचा आणि लिहून ठेवा. वेगवेगळ्या कोडच्या नीडलींचा निमुळतेपणा दर अष्टमांश इंचाला वेगळा असतो, आणि डोळ्यांना त्या सगळ्या सारख्याच दिसतात. किटमध्ये आलेली नीडल तुमच्या इंजिनाची असेलच असं नाही.

नीडलच्या जाड टोकाकडे, खांद्याखालीच, एका बाजूला चमकदार पट्टा दिसला तर ती घासलेली आहे. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचा उरलेला निम्मा भाग इथे असू शकतो. स्लोला नीडल आणि जेट यांच्यातली फट केसाएवढी असते. तिथे थोडी झीज झाली तरी पेट्रोलचं प्रमाण बरंच वाढतं. ओढीला नीडल वर गेल्यावर फट मुळातच मोठी, त्यात तेवढ्या झिजेने फरक पडत नाही. म्हणजे झिजलेली जोडी फक्त स्लोला रिच होते. मग कुणी स्लो सुधारायला नट वर नेतो, आणि ओढीला गाडी उपाशी. तुम्ही किटमधलं जेट टाकलंत पण नीडल जुनीच ठेवलीत का? दोन्ही जोडीनेच बदलायचे असतात.

पिस्टन आणि घुमट हीसुद्धा जोडी आहे, कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली. दुसऱ्या कार्बोरेटरचा घुमट लावू नका, आणि पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका. फक्त थिनरने पुसा. जोडी शाबूत आहे का हे पाहायचं असेल तर पिस्टनची भोकं बुजवून, डँपर लावून, पिस्टन घुमटात पूर्ण बसवा, मग उलटं धरून घुमट सुटा खाली येऊ द्या. सव्वा इंची कार्बोरेटरला ३ ते ५ सेकंद लागले पाहिजेत. खाली गादी ठेवा, नाहीतर घुमटाला पोचा पडेल आणि मग ती परीक्षा कायमची नापास.

फ्लोटचं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत पेट्रोलची लेव्हल राखणाऱ्या तरंगत्या भागाचं, माप: त्या टाकीचं झाकण उलटं धरा, सुई आपल्या वजनाने बंद झालेली, आणि नायलॉनचा फ्लोट असेल तर फ्लोट व झाकणाची कड यांत ३.२ मिलीमीटरचा ड्रिल बिट जेमतेम सरकला पाहिजे. उभ्या गाड्यांत फ्लोटच्या सुईवर चिकट वार्निश साचतं, ती पूर्ण बंद होत नाही आणि लेव्हल चढते. त्यानेही स्लोला वास येतो.

चोकबद्दल एक गोष्ट सांगतो, माझ्याच लाजेची. शिकाऊ असताना पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मी एका मॉरिसवर सबंध दुपार नट फिरवत बसलो होतो. गाडी रिच ती रिचच. संध्याकाळी उस्ताद आले, वाकले, आणि खालून जेटच्या टोकाला अंगठा लावून वर दाबलं. गाडी शहाण्यासारखी चालू लागली. एसयूमध्ये चोक म्हणजे वेगळी झडप नव्हे. चोक ओढला की जेटच खाली येतं. केबल किंचित ताठ होती, जेट पूर्ण परत जात नव्हतं, आणि मी नटाला बोल लावत होतो. उस्ताद काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. तुम्हीही अंगठा लावून बघा. चोक पूर्ण आत असताना केबलला साधारण दीड मिलीमीटर ढील हवीच.

आता घाट. इथे मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय: फट्‌फट् पाय दाबताक्षणी होते, की सलग अर्धा-एक मिनिट चढण ओढल्यावर? पाय दाबताक्षणी असेल तर वरचं सगळं, डँपर आणि नीडल. सलग ओढल्यावर दम सुटत असेल तर कार्बोरेटरच्या टाकीत पेट्रोलच पुरेसं येत नाही, आणि त्यावर मिक्श्चरचा इलाज नाही. हे उंचीमुळे होतंय असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे मिक्श्चर लीन नाही, उलट रिच होतं. मुंबईत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला थोडी रिच चालते. तेव्हा घाटातला लीनपणा उपासमारीचा.

त्यासाठी पहिलं काम अगदी सोपं. दम सुटला की बाजूला थांबून पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी पुन्हा ओढू लागली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नसेल तर कार्बोरेटरची डिलिव्हरी पाइप सोडून, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटलीत धरून सेल्फ मारा. प्रत्येक ठोक्याला भरीव धार यायला हवी, बुडबुड्यांची नको. बुडबुडे म्हणजे टाकीकडचा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. हे करताना दुसऱ्या माणसाच्या हातात आगीचा सिलिंडर असू द्या, आणि कॉइलची वायर काढून ठेवा.

हे सगळं बसल्यावर मग ट्यूनिंग. पण ‘आधी करंट, मग पेट्रोल’ हा आमच्या गॅरेजचा क्रम होता आणि तो मी अजून मोडलेला नाही. पॉइंटची गॅप ०.०१५ इंच, टायमिंग, टॅपेट, प्लग स्वच्छ. व्हॅक्युम ॲडव्हान्सच्या नळीला तोंडाने हवा ओढून पाहा. ओढ टिकली नाही तर डायफ्राम फाटलाय, म्हणजे ॲडव्हान्सही गेला आणि फुकटची हवाही आत येतेय. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना साध्या पाण्याची फवारणी करा. स्लोचा आवाज बदलला तर तिथून हवा घेतेय. इंजिन गरम असताना ज्वलनशील क्लीनर मारणारे लोक असतात. मी मारत नाही. अँबॅसिडरचा थ्रॉटलचा दांडा इतक्या वर्षांत बहुधा डुलतोच. जास्त डुलत असेल तर बुश मारून घ्या, कारण त्या फटीतून येणारी हवा स्लोला मोजमापच बिघडवते.

नटाची सुरुवातीची जागा: घुमट काढून जेटचं तोंड पुलाच्या, म्हणजे ज्यावर पिस्टन टेकतो त्या पृष्ठभागाच्या, बरोबरीत आणा. तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे १२ पैलू. इथून पुढे एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक पैलूनंतर अंगठ्याने जेट नटाला टेकवून घ्यायचं.

इंजिन पूर्ण गरम करा. वीस मिनिटं चालवून आणलेली गाडी असावी, उभ्याने तापवलेली नको. स्लो ठरवा. कार्बोरेटरच्या बगलेला खालून एक छोटी पिन असते, स्प्रिंगवाली. ती बोटाने वर दाबा. आधी थोडी रिकामी जाते, मग पिस्टनला लागते. तिथून फक्त ०.८ मिलीमीटर उचला, अगदी जेमतेम. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच, नट वर. वेग पडला किंवा इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, नट खाली. किंचित वाढून लगेच जागेवर आला तर बरोबर. लोक पिन जोरात दाबतात, पिस्टन पाच-सहा मिलीमीटर उचलला जातो आणि इंजिन बंद पडतं; तसं कुठलंही इंजिन पडेल, त्यावरून काही ठरत नाही. दोन-तीन मिनिटांत हे नाही जमलं तर थांबा, तीस सेकंद २५०० वर रेस करून इंजिन मोकळं करा, मग पुन्हा. नाहीतर साचलेलं पेट्रोल तुम्हाला फसवतं.

सायलेन्सरपाशी उभं राहून ऐका. लीन असेल तर आवाज अनियमित, फिस्कटल्यासारखा, धूर बिनरंगी. रिच असेल तर ठेक्यात, मोजता येईल असा चुकणारा ठोका आणि काळसर धूर. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, पण तयार झाला की नंतर यंत्राची गरज फार पडत नाही. काचेचा प्लग, कलरट्यून, मिळत असेल तर मजा म्हणून जरूर पाहा: पिवळी ज्योत रिच, निळी बरोबर, पांढरट निळी लीन. एअर फिल्टर मात्र प्रत्येक अंतिम तपासणीला जागेवर हवा. उघड्या तोंडाने ट्यून केलेली गाडी फिल्टर लावल्यावर वेगळी वागते.

शेवटी पेट्रोलबद्दल, कारण हे तुमच्या आजोबांच्या काळात नव्हतं. आता पंपावर मिळतं ते बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. ई२० चा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल आलं तर गाडी आपोआप लीन. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागेपेक्षा नट दोन-तीन पैलू खाली ठरला तर घाबरू नका, माझ्या हातातल्या बहुतेक एसयूंना तेवढं लागतंच. सायलेन्सरला वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिक्श्चर मोजणारा) लावणारे असाल तर मीटर लॅम्डावर ठेवा, म्हणजे कुठल्याही पेट्रोलला १ हा आकडा बरोबर. हवा-पेट्रोलच्या आकड्यावर ठेवलात तर मीटर १४.७ चं पेट्रोल धरून बोलतं आणि आपण ई२० जाळतोय. प्लगचा रंगही आता जुन्या पुस्तकांसारखा येत नाही. शिसं २००० मध्ये गेलं, इथेनॉल आलं. तो बिस्किटासारखा तपकिरी रंग शोधत बसलात तर गाडी विनाकारण रिच कराल. फिकट राखाडी आलं तरी ठीक.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव रबरावर. किटमधली पॅकिंग आणि फ्लोटच्या सुईचं टोक व्हायटनचं, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं, आहे का विचारा, पेट्रोलचा पाइप ई२० ला चालणारा घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, आणि कार्बोरेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर ते पांढरं पीठ उमटवतं. तुमच्या कार्बोरेटरची अवस्था चार वर्षांत अशीच झाली असेल, तेव्हा फ्लोट चेंबरचा तळ एकदा टॉर्चने बघा.

तर उद्या सकाळी फक्त तीन गोष्टी करा: डँपरमध्ये तेल, अंगठ्याने जेट, आणि घुमट काढून नीडलचा खांदा व कोड. नट आत्ता कितव्या पैलूवर आहे ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. कोड आणि घाटातल्या प्रश्नाचं उत्तर कळवलंत की नीडल बदलायची की टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीच्या पंपाच्या मागे लागायचं, ते सांगतो.